फॅमिली डॉक्टरला प्राध्यापक व्हायचं असेल तर? (सांगली-मिरज-कऱ्हाडकडच्या डॉक्टर मंडळींनी सांगा)

कृष्णाकाठ_सांगली (धागाकर्ता)

मंडळी, घरातला प्रश्न आहे, मोकळेपणाने सांगा. पुतणीचं मिरजेतून एमबीबीएस झालं, इंटर्नशिप संपत आलीय, नीट-पीजीची तयारी चालू आहे. बरोबरीची पोरं रेडिओलॉजी, स्किन, मेडिसिन अशी नावं घेतायत आणि आमच्या बाईसाहेबांनी जेवताना जाहीर केलं की तिला फॅमिली मेडिसिन करायचंय आणि पुढे तेच शिकवायचंय. दादाचं म्हणणं, शेवटी गल्लीत दवाखानाच टाकायचा तर तो आजही टाकता येतो, आणखी तीन वर्षं कशाला? आणि शिकवणार कुठे? वहिनीची काळजी वेगळीच. स्थळ घेऊन आलेल्यांनी 'कशातली स्पेशालिस्ट?' विचारलं तर काय सांगायचं?

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण घरात तिच्याशी न चिडता बोलणारा सध्या मी एकटाच उरलोय, म्हणून विचारतो. ही डिग्री खरंच असते का, तिला किंमत काय, आणि त्यातून कॉलेजात शिकवण्यापर्यंत माणूस पोचतो का?

ऊसदर_किती

काका, राग मानू नका, सरळ सांगतो. आमच्या गावच्या डॉक्टरांना ही डिग्री नव्हती, काही अडलं नाही. सर्दी-तापाला गोळ्या, अशक्तपणाला सलाईन, बीपी-शुगरची तीच तीच पट्टी, आणि जड वाटलं की मिरजेला चिठ्ठी. यात शिकवायला प्राध्यापक कशाला लागतो?

डॉ_वाळवा_तालुका

ऊसदर, प्रश्न आगाऊ आहे पण नेमक्या जागी लागलाय. 'जड वाटलं की चिठ्ठी' म्हणालात ना, ते जड वाटणं शिकवावंच लागतं.

१९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधली आकडेवारी जुळवून एक हिशेब मांडला होता. एक हजार प्रौढ माणसं घेतली तर महिनाभरात ७५० जणांना काही ना काही दुखतं-खुपतं. त्यातले २५० डॉक्टरकडे जातात. ९ जण दवाखान्यात ॲडमिट होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं, आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयापर्यंत पोचतो फक्त १. आता सांगा, आमची पोरं साडेचार वर्षं कुणाकडे बघून शिकतात? त्या एकाकडे. मिरजेच्या वॉर्डातला पेशंट म्हणजे चाळणीवर उरलेला. तिथे छातीत दुखतंय म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खरंच हृदयाचा असतो. माझ्याकडे येणाऱ्याचं ॲसिडिटीने दुखत असतं, ऊसतोडीत बरगडी लचकलेली असते, मुलीचं लग्न मोडल्याने छाती भरून आलेली असते, आणि या गर्दीत एखादा खरा हार्ट ॲटॅकवाला गप बसलेला असतो. तो हुडकायचा कसा, हे कॉलेजात कोण शिकवणार? तिथे तो आधीच हुडकून आणलेला असतो.

एक केस सांगतो. ओळखीतला एक इंटर्न सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येऊन बसतो. ऑक्टोबर छाटणीचे दिवस. संध्याकाळी तासगावकडचा एक बागायतदार आला. तोंड लालभडक, डोळे तांबारलेले, छातीत धडधड, डोकं ठणकतंय. पोराने नाडी बघितली, पळत होती. बीपी घेतलं, कमी. अंगावर लाली बघून ॲलर्जी ठरवली आणि एव्हिल भरायला निघाला. मी पेशंटला विचारलं, "छाटणी कधी झाली? पेस्ट कोण लावतंय?" म्हणाला, सकाळपासून तोच लावत होता, गडी आले नाहीत. "आणि मग सांजच्याला?" तो खाली बघायला लागला. बायकोनेच सांगितलं, "बसले हुते की मळ्यात."

माहीत नसणाऱ्यांसाठी: द्राक्षाचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते कातडीतून किंवा श्वासातून अंगात गेलं की दारूचं पचन अर्ध्यावर अडकतं आणि ॲसिटाल्डिहाइड साचतं. दारू सोडवायला डायसल्फिरामची गोळी देतात, तिच्यावर प्यायल्यासारखाच प्रकार. आडवा केला, पाय वर घेतले, सलाईन लावलं, नजरेखाली ठेवला. हळूहळू उतरलं. बीपी सावरलं नसतं तर गाडीत घालून सांगलीला नेणार होतो, ड्रायव्हरला थांबवूनच ठेवला होता. ॲलर्जी म्हणून घरी लावला असता तर दुसऱ्या दिवशी परत पेस्ट आणि परत बाटली.

रसायनाचा भाग पुस्तकात सापडेल. 'छाटणी कधी झाली' हा प्रश्न सापडणार नाही. काकांच्या पुतणीला शिकवायचंय ते हे. तिला माझ्यातर्फे शाबासकी सांगा.

पीएसएमवाली

मी एका मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिन शिकवते, म्हणजे पोरांच्या भाषेत पीएसएम. डॉक्टरसाहेबांनी मन जिंकलं, आता कागदाचं मी बोलते, कारण दादांचा प्रश्न कागदाचा आहे.

डिग्री खरी आहे. एमबीबीएसनंतर दोन रस्ते, एमडी फॅमिली मेडिसिन आणि डीएनबी फॅमिली मेडिसिन. दोन्ही तीन वर्षांचे, दोन्हींचा प्रवेश नीट-पीजीतून, दोन्हींत प्रबंध लिहावा लागतो. एमडीच्या जागा देशात मोजक्याच. केरळात कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजने याची सुरुवात केली. डीएनबी राष्ट्रीय परीक्षा मंडळाची, तिच्या जागा जास्त ठिकाणी आहेत. वेल्लोरच्या सीएमसीचा दोन वर्षांचा दूरशिक्षणाचा पदविका कोर्सही आहे. दवाखाना चालवणाऱ्यासाठी फार उपयोगी, पण त्याच्या जोरावर प्राध्यापकाची जागा मिळत नाही. शिकवायचं असेल तर एमडी किंवा डीएनबीच.

आता कडू भाग. एमबीबीएस कॉलेजला जे विभाग सक्तीचे आहेत त्यांत फॅमिली मेडिसिन नाही. विभाग नाही म्हणून जागा नाही, जागा नाही म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाहीत म्हणून विभाग काढता येत नाही. भोपाळ, जोधपूर, पाटणा, रायपूर, ऋषिकेश, भुवनेश्वर इथल्या एम्समध्ये 'कम्युनिटी अँड फॅमिली मेडिसिन' असा जोडविभाग आहे. पण जोडनावातलं दुसरं नाव बऱ्याचदा पाटीपुरतं राहतं, हे माझं मत, कुणी नाकारलं तरी चालेल. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात या विषयाच्या डॉक्टरांचा तुटवडा मांडला होता. २०१७ च्या धोरणात फॅमिली मेडिसिनचे कोर्स वाढवा म्हणून लिहिलं. लिहिणं जोरात चालू आहे.

बढतीचं गणित बाकी विषयांसारखंच. २०२२ च्या नियमांप्रमाणे पीजी आणि एक वर्ष सीनियर रेसिडेन्सी (पीजीनंतरची रुग्णालयातली वरिष्ठ निवासी डॉक्टरकी) झाली की असिस्टंट प्रोफेसर. चार वर्षं आणि दोन शोधनिबंध, मग असोसिएट. त्यानंतर तीन वर्षं आणि आणखी दोन निबंध, मग प्रोफेसर. मधे दोन कोर्स करावे लागतात, एक वैद्यकीय शिक्षणाचा आणि एक संशोधनाचा. संशोधनाचा ऑनलाइन होतो. २०२५ मध्ये नवी नियमावली आली. तिच्यानुसार २२० किंवा जास्त खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काम केलेला पीजी तज्ज्ञ थेट असोसिएट होऊ शकतो, दोन वर्षं केलेला असिस्टंट. पण जागा ज्या विषयाची, पदवी त्या विषयाची लागते, आणि घोडं तिथेच अडतं. सरकारी नोकरीत राहून या वाटेने येणारे पुढे वाढतील असं मला वाटतं.

ऊसदर_किती

म्हणजे ताई, डिग्री आहे, विभाग नाही. दादांचं बरोबरच निघालं की.

कऱ्हाडी_यॉर्कशायर

थांबा, इतक्यात निकाल लावू नका. मी कऱ्हाडचा, कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेला, आता इंग्लंडात जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर आहे आणि जीपी होणाऱ्यांना शिकवतो. इथेही एके काळी हेच होतं. जीपी म्हणजे कन्सल्टंट न होऊ शकलेला, अशीच समजूत. जीपींचं स्वतःचं कॉलेज, म्हणजे त्यांची व्यावसायिक संस्था, १९५२ साली निघालं. त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम पिकल्स, माझ्यापासून थोड्या अंतरावरच्या आयस्गार्थ गावचे साधे खेड्यातले डॉक्टर. दऱ्याखोऱ्यांतल्या वाड्यांवर फिरायचे, कोण कधी आजारी पडला आणि त्याआधी कुणाला भेटला याची वही ठेवायचे. त्या वहीवरून १९२९ च्या काविळीच्या साथीचा माग काढला आणि लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंत किती दिवस जातात ते ठरवलं. मोठ्या शहरात हे जमलंच नसतं, तिथे कोण कुणाला भेटला ते कळणार कसं? जनरल प्रॅक्टिसचा जगातला पहिला प्राध्यापक एडिनबरोत १९६३ साली नेमला गेला, रिचर्ड स्कॉट. म्हणजे कॉलेज निघाल्यावरही अकरा वर्षांनी.

पुतणीने एक नाव जरूर वाचावं, इयन मॅकव्हिनी. इंग्लंडात बर्नलीला १९२६ साली जन्म. स्ट्रॅटफर्डला वडिलांच्याच दवाखान्यात चौदा वर्षं प्रॅक्टिस केली. १९६८ मध्ये कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टेरिओ विद्यापीठाने बोलावलं आणि ते त्या देशातले फॅमिली मेडिसिनचे पहिले प्राध्यापक झाले. तिथे विभाग उभा केला, १९८९ मध्ये पाठ्यपुस्तक काढलं, उतारवयात पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास हलका करण्याच्या कामात शिरले, २०१२ ला गेले. त्यांची मांडणी अशी की बाकीचे तज्ज्ञ एखाद्या अवयवाशी किंवा तंत्राशी बांधलेले असतात, फॅमिली डॉक्टर माणसाशी बांधलेला असतो. आजार कुठलाही असो, माणूस तोच. बोलायला सोपं, पण त्यावरून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शिकवायची आणि तपासता येईल अशी पद्धत बांधली.

आमच्याकडे शिकणाऱ्याची परीक्षा कशी चालते तेही सांगतो. पेशंटची परवानगी घेऊन तपासणीचा व्हिडिओ काढतो आणि नंतर दोघे बसून बघतो. परवा एका हुशार पोरीचा बघत होतो. बाई आत येऊन दोन वाक्यं बोलली नाही तोवर हिने संगणकाकडे बघून प्रश्न सुरू केला. पुढची सगळी तपासणी बिनचूक. बाई उठली, दाराच्या कडीला हात लावला आणि म्हणाली, "आणि डॉक्टर, अजून एक..." खरं दुखणं ते होतं. व्हिडिओ तिथे थांबवला आणि मी काहीच बोललो नाही. पोरगी स्वतःच म्हणाली, परत सुरुवातीपासून लावा.

ऊसदर_किती

चौदा वर्षं बापाच्या दवाखान्यात! म्हणजे गिऱ्हाइकं सांभाळून मग प्राध्यापक. हे पटलं. आमच्याकडे प्राध्यापक झाल्यावर दवाखाना टाकतात.

माणदेशी_पोर

दहिवडीकडचा आहे, डॉक्टर नाही. वेगळं बोलतो. आमच्याकडे एक चांगली एमबीबीएस डॉक्टरीण होती. बाया तिच्याकडे मोकळं बोलायच्या. पुढे शिकायला गेली, शिकली, पुण्यात शिकवायला लागली. तिचं भलं झालं, चांगलंच आहे. पण आमची म्हातारी गुडघ्यासाठी आता साताऱ्याला जाते. तुम्ही ज्याला करिअर म्हणता ते आम्हाला गाडीभाड्यात दिसतं. फॅमिली डॉक्टरला प्रोफेसर करून गावातून उचलायचं असेल तर या विषयाचा उपयोग कुणाला?

डॉ_वाळवा_तालुका

माणदेशी, हे खरं आहे आणि मला याचं पूर्ण उत्तर येत नाही. पण एक उदाहरण डोळ्यापुढे ठेवण्यासारखं आहे. ज्युलियन ट्यूडर हार्ट, वेल्समधल्या ग्लिनकोरुग नावाच्या खाणकामगारांच्या गावात वर्षानुवर्षं काढलेला डॉक्टर. प्रॅक्टिस चालू असेतो गाव सोडलं नाही. प्रत्येक पेशंटचं बीपी मोजायचं, दुखो न दुखो, असं ठरवून ते गावभर पार पाडलं. लोकांना संशोधनात नुसतं 'सब्जेक्ट' न धरता काय सापडलं ते सांगत राहिला. पंचवीस वर्षांच्या कामानंतर शेजारच्या तशाच गावाशी ताडून बघितलं तर अकाली मृत्यू २८ टक्के कमी भरले. १९७१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याने लिहिलं की जिथे गरज जास्त तिथे चांगली आरोग्यसेवा कमी पोचते, आणि बाजाराच्या हाती दिली की हे आणखी वाढतं. मिरजेत एका रस्त्यावर किती दवाखाने आणि माणमध्ये किती, हे तुम्हीच बघा. शोधनिबंध कॉलेजातूनच निघतात ही समजूत त्याने दवाखान्यात बसून मोडली.

माझ्या मते खरी वाट ही: कॉलेजने शिकवायला खेड्यातल्या दवाखान्यात यावं. पद कॉलेजचं, खुर्ची दवाखान्यातली. आज माझ्यासारख्याला एखादं कॉलेज 'गेस्ट लेक्चर'ला बोलावतं, शाल-श्रीफळ देतं, फोटो काढतं. माझ्याकडे बसून शिकलेल्या पोरांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते. शाली आता पेशंटच्या नातेवाइकांना पांघरायला देतो, थंडीत बऱ्या पडतात.

पीएसएमवाली

शालींचं लेखी मान्य! पण थोडी फट पडायला लागलीय. २०१९ पासून नवा अभ्यासक्रम आला, पुढे काही वर्षांनी त्यात भर पडली आणि आता पोरांना पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दत्तक दिली जातात, त्यांच्याकडे वरचेवर जावं लागतं. पीजीच्या मुलांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. अंमलबजावणी कुठे मनापासून, कुठे फॉर्म भरण्यापुरती. पोरांना त्या घरात बसून काय बघायचं हे सांगणारं माणूस आमच्याकडे नसतं, आणि ते माणूस फॅमिली मेडिसिनवालंच असायला हवं. पुतणीबाईंनी डीएनबी केली तर अशा कामाला हात घालून बघावा. जागेचं नाव वेगळं असलं तरी काम हेच करता येतं.

कृष्णाकाठ_सांगली

काकाच्या आयडीवरून पुतणी लिहितेय. सगळं वाचलं. बाबांनाही वाचायला दिलंय, ते अजून माणदेशी दादांच्या प्रतिसादावर थांबलेत.

वाळवेकर सर, एक विचारू? मॅकव्हिनींच्या पद्धतीत पेशंटला चार गोष्टी विचारतात: त्याला कसली भीती वाटते, आजार कशामुळे झाला असं त्याला वाटतं, कामावर काय परिणाम झालाय आणि डॉक्टरकडून काय अपेक्षा आहे. मी ओपीडीत एका आजोबांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कशामुळे झालं असेल?" तर म्हणाले, "ते मलाच ठाऊक असतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो?" सगळी ओपीडी हसली. तुम्ही कसं विचारता?

डॉ_वाळवा_तालुका

पोरी, आजोबांनी तुला मोठा धडा दिला, फुकटात. आपल्याकडे थेट विचारलं की माणसाला वाटतं डॉक्टरलाच काही कळेना. मी विचारतो, "घरची माणसं काय म्हणतायत?" की लगेच सुटतं: "मालकीण म्हणती बाहेरचं लागलंय, पोरगं म्हणतंय मोबाइलवर बघितलं, किडनीचं असंल." त्याच्या मनातलं तो बायकोच्या आणि पोराच्या तोंडून सांगतो. भीतीसाठी विचारतो, "भावकीत असं कुणाला झालं होतं का?" चुलतभाऊ कॅन्सरने गेल्याचं तिथे निघतं. कामासाठी, "धार कोण काढतंय सध्या?" धार सुनेने काढायला सुरुवात केली असेल तर म्हातारीचा गुडघा खरंच खलास झालाय असं समजायचं. आणि अपेक्षा विचारूच नकोस, ती बहुतेक वेळा 'एक सुई मारा' अशी निघते. मग सुई का नको हे समजावण्यात वेळ जातो. पण तो घालवायचा, ते आपलंच काम आहे.

ऊसदर_किती

धार कोण काढतंय! सर, आमच्या आईला दाखवायला आणतो.

कऱ्हाडी_यॉर्कशायर

वाळवेकर, हे लिहून काढा हो. असलं साहित्य आम्ही इथे पैसे देऊन तयार करून घेतो. पुतणीबाई, प्रबंधाला विषय हवा असेल तर हाच घ्या: कॅनडातले प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या ओपीडीत कसे चालतात, आणि चालत नसतील तर लोक कशाने बोलते होतात.

पीएसएमवाली

विषय झकास, पण त्याला नैतिक समितीची मंजुरी लागेल. पेशंटचं बोलणं टिपून घ्यायचं तर त्याची लेखी संमती, मराठीत, आणि त्याला वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर. डीएनबीची जागा निवडताना रुग्णालयात फोन करून आणखी दोन गोष्टी विचार. एक, स्त्रीरोग, बालरोग, सर्जरी अशी सगळीकडे फिरती खरोखर होते की तीन वर्षं कॅज्युअल्टीच सांभाळायला लावतात. दुसरं, गाईड फॅमिली मेडिसिनचा आहे की दुसऱ्याच विषयाचा. आधीच्या बॅचच्या मुलांना विचार, प्रशासनाला नको. आणि सरकारी कॉलेजातून शिकलीस ना, मग आधी बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष बघ. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळालं तर नाक मुरडू नकोस.

कृष्णाकाठ_सांगली

आता परत काका. बॉण्डचं वर्ष दादाच्या लक्षातच नव्हतं, ते ऐकून जरा नरमलाय. म्हणतोय आधी ते करू दे, मग बघू. वहिनीला सांगितलं की कुणी विचारलं तर 'माणसातली स्पेशालिस्ट' म्हण. ती म्हणाली, काहीतरीच.

वाळवेकर डॉक्टर, पोरीला तुमच्याकडे बसायला पाठवलं तर चालेल का?

डॉ_वाळवा_तालुका

बाजारच्या दिवशी पाठवा, तेव्हा खरी गर्दी असते. डबा आणू नका म्हणावं, आमच्या घरी जेवेल. स्टेथोस्कोप पिशवीतच ठेवायचा, पहिल्या दिवशी फक्त बसून ऐकायचं. आणि ऊसदर, त्याच दिवशी आईला आणा.